लेकुरवाळीची वाट

विश्राम जुवाटकर रोज दुपारी चारच्या ठोक्याला धुतलेला सदरा अंगात घालून पडवीतल्या बाकावर येऊन बसायचा. जायचं कुठेच नसायचं. माणूस एकसष्ट वर्षांचा, बायको मनोरमा जाऊन चार वर्षं झालेली, पोरबाळ नाही. त्याने सदरा घातला काय न् न घातला काय, बघणारं कोण होतं? वाटेवरून जाणाऱ्या मासेवाल्या बाया चिडवायच्या, ‘‘विश्रामदादानू, आज खयचा स्थळ येतला?’’ हा गालातल्या गालात हसायचा आणि मोबाइल चुन्याच्या डबीला टेकवून उभा करायचा.

स्थळ रोज एकच असायचं. लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किरिंदा गावचा नंदसिरी. तोही विश्रामसारखाच शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारा. पुढचा एक दात पडलेला, हसला की डोळे मिटणारा. त्याला मराठी येत नव्हतं, ह्याला सिंहली. मधे मोबाइलमधलं यंत्र बोलायचं. पण ते यंत्र पडलं पुस्तकी. मालवणी त्याच्या डोक्यात शिरत नसे. पहिल्या दिवशी विश्राम ‘तुझा तोंड माका दिसना नाय’ असं काहीतरी म्हणाला. यंत्राने त्याचं काय केलं देव जाणे, नंदसिरीने घाबरून स्वतःचं तोंड चाचपून बघितलं. तेव्हापासून विश्राम यंत्रासमोर गुरुजींपुढे उभा राहिल्यासारखं, तिसरीच्या धड्यातलं मराठी बोलू लागला. आणि तिकडून नंदसिरीचं बोलणं यायचं ते असं : ‘मित्रा, आपण जेवलात का?’ अख्ख्या वेंगसर गावात विश्रामला ‘आपण’ कोणी म्हटलं नव्हतं, आणि जेवलास का हे मनोरमा गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. म्हणून तर सदरा.

ही जोडी लावली दोन देशांच्या शेवंडीवाल्यांच्या महासंघांनी. २०३५पर्यंत हे दोन्ही महासंघ सिंगापूरच्या बाजारात एकमेकांचे पाय ओढत होते. मग एक शोध लागला आणि भांडणाऱ्यांना एका पंगतीत बसावं लागलं.

शोध तसा साधा. शेवंडीची मादी शेपटीखाली लाखांनी अंडी वागवते. वेंगसरला अशा मादीला लेकुरवाळी म्हणतात. अंड्यांतून निघणारं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. काचेच्या पातळ पानासारखं असतं, उन्हाकडे धरलं तर आरपार दिसतं. ते पाच-सहा महिने पाण्याबरोबर वाहत राहतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला जातो आणि कन्याकुमारीला वळसा घालून लंकेकडे वळतो. म्हणजे आई कोकणात आणि पोरं लंकेत, असं असणार अशी शास्त्रज्ञांना शंका होती, पुरावा नव्हता. मग जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र निघालं. लेकुरवाळीच्या शेपटीखालची नखाएवढी झालर कापून त्यात टाकली की वीस मिनिटांत ते तिची आनुवंशिक ओळख वाचून ठेवी. तिकडे नंदसिरी पाण्यात काथ्याचे झुबके टांगून ठेवायचा, वाहत आलेली पिल्लं त्यांत आसऱ्याला येत, आणि त्याचं यंत्र पिल्लांची ओळख वाची. आई आणि पोर जुळलं की दोन्ही गावांत एकदम घंटी वाजे.

व्यापारी हुशार. त्यांनी या घंटीचा माल केला. ‘सोयरीक’ नावाने दोन्ही देशांची शेवंड एकत्र विकायला काढली. लांबच्या हॉटेलात ताटात आलेल्या शेवंडीच्या मिशीला बिल्ला असे. त्यावर मोबाइल धरला की दोन फोटो दिसत, एक आई सोडणाऱ्याचा, एक पोर वाढवणाऱ्याचा. सगळ्यांत पहिली घंटी वाजली ती विश्रामच्या लेकुरवाळीची आणि नंदसिरीच्या झुबक्यातल्या पिल्लाची. जाहिरातीत ते दोघे भाऊ-भाऊ म्हणून झळकले. जाहिरातवाल्यांचं काम तेवढ्यात संपलं, पण हे दोघे रोज चारला बोलतच राहिले. बोलण्यात विशेष काही नसायचं. आज काय रांधलं, वारा कुठला, गुडघा कसा आहे.

आता विश्रामची एक लबाडी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

कोकणात मासेमाराच्या घरी खडपाची जागा कोणी कोणाला सांगत नाही. बायकोला पेटीतले दागिने दाखवतील, खडपाच्या खुणा दाखवणार नाहीत. विश्रामच्या बापाचं, भिकाजीचं, असंच एक खडप होतं. समुद्राच्या तळाशी वीस-पंचवीस पावलांचा खडक, वर रेतीचा पातळ थर, खाली कपारीच कपारी. सरकारी नकाशात तिथे नुसती रेती. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणि दुसऱ्या दोन दुसऱ्या रेषेत आल्या की होडीच्या बरोबर खाली ते. भिकाजीने मरायच्या आदल्या महिन्यात विश्रामला होडीत बसवून त्या खुणा दाखवल्या आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली.

सोयरीकीचा नियम असा की लेकुरवाळी जिथे सापडली तिथेच झालर कापायची, तिथेच सोडायची आणि यंत्राचं बटण दाबायचं. बटण दाबलं की जागा दोन्ही देशांच्या कचेऱ्यांत जायची. पहिल्याच दिवशी विश्रामचा अंगठा बटणावर अडला. हे दाबलं म्हणजे बाबांचं खडप साऱ्या जगाच्या डोळ्यांत. त्याने लेकुरवाळीला ओल्या गोणपाटात गुंडाळलं, होडी दोन मैल दक्षिणेला नेली, आणि सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या कावळ्याच्या खडपावर तिला सोडून बटण दाबलं. दोन मैलांनी काय बिघडतंय, समुद्र तोच, पाणी तेच, असं त्याने मनाला सांगितलं. बापाचीच दुसरी एक शिकवण होती, की लेकुरवाळीला जागची हलवायची नाही, पकडली तिथल्या तिथे हलक्या हाताने पाण्यात ठेवायची. बापाचं गुपित राखायला त्याने बापाचीच शिकवण मोडली, आणि तीन वर्षं मोडत राहिला.

कावळ्याच्या खडपावर त्याचा धाकटा भाऊ जयवंत जाळी टाकायचा. दोघांची घरं एका दगडी गडग्याच्या अल्याड-पल्याड, आणि अकरा वर्षं अबोला. बापाचं दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी जयवंतने सरळ विचारलं होतं, ‘‘दादा, बाबांचा खडप खय हा?’’ आणि विश्रामने त्याच्या तोंडाकडे न बघता सांगितलं होतं, ‘‘असला काय नाय. लोकांच्यो गजाली.’’ जयवंत उठून गेला तो गेलाच. मनोरमा होती तोवर गडग्यावरून वाटीभर आमटी, दोन शब्द इकडून तिकडे जात. ती गेली आणि तेही संपलं.

दुसऱ्या वर्षी कचेरीने हिशोब केला. जुळलेल्या पिल्लांच्या आया कावळ्याच्या खडपावरच्या निघतात, म्हणजे ते खडप जपायला हवं. पाच वर्षं तिथे जाळं टाकायला बंदी झाली. छप्पन वर्षांचा जयवंत दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला. पहाटे गडग्यापलीकडून त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि विश्राम कूस बदलायचा. लागलं त्याला, अगदी आत लागलं. पण कोणत्या तोंडाने बोलणार? आपलंच खोटं आपल्याच भावाच्या मुळावर आलं, हे उघड करायचं म्हणजे ते अकरा वर्षांपूर्वीचं खोटंही उघडं पडणार.

आणि मग घंटी वाजेनाशी झाली.

पहिल्या वर्षी एकतीस पिल्लं जुळली होती. दुसऱ्या वर्षी बारा. तिसऱ्या वर्षी तीन. विश्रामच्या स्वतःच्या जाळ्यातही लेकुरवाळ्या कमी दिसायला लागल्या होत्या. नंदसिरी सुरुवातीला हसण्यावारी न्यायचा, आपल्या मुलींना माहेर सोडवत नाही वाटतं, असं यंत्र त्याच्या वतीने म्हणायचं. मग तो हसेनासा झाला. त्याच्या किनाऱ्याला शेवंडीवाचून दुसरं काही नव्हतं. एके दिवशी त्याने सांगितलं, की जावई डोंगरात चहाच्या कारखान्यात आहे, तिथे राखणदाराचं काम मिळेल, होडीला गिऱ्हाईकही आलंय. एक आठवडा थांबायला सांगितलंय त्याला.

‘‘डोंगरातून समुद्र दिसत नाही,’’ यंत्र म्हणालं, ‘‘पण मी आपल्याला रोज चार वाजता दूरध्वनी करीन. त्यात बदल होणार नाही.’’

विश्रामचा जीव भांड्यात पडला. आणि पडला म्हणून दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची शरम वाटली. मित्राचा समुद्र जातोय आणि आपल्याला कसलं बरं वाटतंय तर फोन येणार याचं!

त्याच आठवड्यात डॉ. तनुजा वेर्णेकर गोव्याहून आल्या. सोयरीकीचं संशोधन त्यांच्याकडे होतं. त्या वर्षी त्यांनी वीस लेकुरवाळ्यांच्या पाठीवर चिकटवायला तांदळाएवढ्या शिट्ट्या दिल्या होत्या. माणसाला ऐकू न येणारा आवाज त्या करायच्या, आणि पाण्यात ठेवलेली यंत्रं तो टिपून शेवंड कुठे गेली ते सांगायची. विश्रामने त्या शिट्ट्या नेहमीप्रमाणे कावळ्याच्या खडपावर पोचल्यावर चिकटवल्या होत्या.

बाईंनी पडवीतच नकाशा उघडला. कावळ्याच्या खडपापासून ठिपक्यांच्या वीस रांगा निघाल्या होत्या आणि सगळ्या उत्तरेला, सुतात ओढल्यासारख्या. बाईंनी समजावून सांगितलं, की शेवंडीला पृथ्वीचं चुंबकत्व कळतं. पूर्वीच्या प्रयोगांत तिचे डोळे झाकून, अंधाऱ्या पेटीत हेलकावे देत तिला कित्येक मैल लांब नेलं, तरी सोडल्यावर तिने तोंड वळवलं ते आपल्या घराच्या दिशेला. म्हणजे ह्या वीसजणी कुठल्यातरी घराकडे निघाल्या होत्या. कोणाला कळत नव्हतं ते एवढंच, की कावळ्याच्या खडपावरची शेवंड घर सोडून घराकडे कशी निघेल.

‘‘आणि ह्या बघा.’’ त्यांनी बोट ठेवलं. वीसातल्या चौदा रांगा मधेच थांबल्या होत्या, उघड्या रेतीवर. तिथे लपायला कपार नाही. मोठे मासे, पाकट, ट्रॉलरची ओढती जाळी, कोणी ना कोणी गाठतंच. पोटाखाली लाखांनी अंडी घेऊन ती बिचारी चालत होती आणि वाटेत संपत होती. सहाजणी तेवढ्या एका जागी पोचल्या होत्या. नकाशावर तिथे काही नव्हतं.

‘‘काका, इथे काय आहे?’’

विश्रामला ती जागा नकाशावर बघायची गरज नव्हती. तो म्हणाला, ‘‘रेती.’’

बाई थकून हसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते असं : कावळ्याचं खडपच आजारी असावं, पाणी तापून शेवंडीचं दिशाभान गेलं असावं, असा अहवाल त्या देणार होत्या. मग सोयरीक वेंगसरहून उठून दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर जाईल. त्या किनाऱ्याची पिल्लं किरिंद्याला पोचतीलच असं नाही. अहवाल सोमवारी जायचा होता.

त्या रात्री त्याने जेवण केलं नाही. तीन वर्षांत किती लेकुरवाळ्या गोणपाटात घालून नेल्या त्याचा आकडा यंत्रात होता. एकशे ब्याऐंशी. वीसात चौदा मेल्या तर एकशे ब्याऐंशीत किती, हे गणित तिसरी शिकलेल्यालाही येतं. त्याने ते पुनःपुन्हा केलं. गप्प बसावं तर खडप राहतं, नंदसिरीचा फोनही राहतो, फक्त नंदसिरीचा समुद्र जातो. आणि बोलावं तर समुद्र वाचेल, पण ज्याने तीन वर्षं आपल्या मुलाबाळांचा घास नासवला त्याला चार वाजता कोण फोन करील?

सोमवार उजाडला. अहवाल दुपारून जाणार होता. विश्रामने आधी बाईंना फोन करून सगळं सांगितलं, खुणांसकट. हे खुणा सांगणंच त्याला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. दोन मिनिटांत झालं. बाई म्हणाल्या, की काका, हे पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

मग चार वाजले. नंदसिरी आला. आज काय रांधलं, असं त्याने विचारलं. विश्रामने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि धड्यातल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

‘‘नंदसिरी, मी तुला फसवलं. त्या शेवंडी कावळ्याच्या खडपाच्या नव्हत्या. माझ्या वडिलांच्या खडपाच्या होत्या. ती जागा कोणाला कळू नये म्हणून मी त्यांना दुसरीकडे नेऊन सोडत होतो. त्या घरी परत चालत निघाल्या आणि वाटेत मेल्या. तुझ्याकडे पिल्लं आली नाहीत ती माझ्यामुळे. होडी विकू नकोस. आता येतील.’’

यंत्राने हे सिंहलीत सांगायला बराच वेळ घेतला. नंदसिरीचा चेहरा ऐकताना हलला नाही. मग त्याने विचारलं, किती. विश्रामने आकडा सांगितला. नंदसिरी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, अगदी हळू. मोबाइलवर अक्षरं आली : ‘या उद्गाराचे भाषांतर उपलब्ध नाही.’ आणि चित्र गेलं.

दुसऱ्या दिवशी चारला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने विश्रामने स्वतःहून लावला, तो वाजून वाजून थांबला. राग आलेला माणूस निदान शिवी देतो. ही शांतता त्याला शिवीपेक्षा जड गेली. त्याला वाटलं, निदान एकदा तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. पण बोलावं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं होतं.

सरकारी कामं एरवी रखडतात, पण खडप बंद करायला तीन आठवडे पुरले. भिकाजी जुवाटकराच्या खडपावर सात वर्षं कोणी जाळं टाकायचं नाही. चारी बाजूंना पिवळे तरंगते बोये लागले, आणि जी जागा दोन पिढ्या कोणाला सापडली नव्हती ती धक्क्यावरून शेंबड्या पोरालाही दिसू लागली. कावळ्याचं खडप मोकळं झालं. गावात चार दिवस चर्चा झाली. तोंडावर कोणी बोललं नाही, पण धक्क्यावर विश्राम आला की बोलणं थांबायचं. त्याने होडी वर ओढून ठेवली आणि जाळी दुरुस्त करायचं काम धरलं.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका सकाळी मोबाइलची घंटी वाजली. एक पिल्लू. मग दुपारी चार. आठवडाभरात एकोणीस झाली. ज्या सहाजणी पोचल्या होत्या त्यांची आणि त्यांच्यासारख्या तगलेल्या आणखी काहीजणींची. विश्राम प्रत्येक घंटीला हातातली सुई ठेवून आकडा बघायचा. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता आकडा. डॉ. वेर्णेकरांनी कळवलं, की नंदसिरीने होडी विकली नाही, झुबके दुप्पट केलेत. विश्रामने विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का. बाई म्हणाल्या, नाही काका, काही नाही. त्याला खरंच आनंद झाला होता, आणि तो आनंद सांगायला घरात भिंतींशिवाय कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो गडग्याजवळ जाळं पसरून बसला होता. पलीकडे जयवंत बोटीवरून उतरून आला होता. कावळ्याच्या खडपावर तो पुन्हा जायला लागला होता, टोपलीत चार चांगल्या शेवंडी होत्या. तो घरात जायचा सोडून गडग्याशी थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा विश्रामने त्याचा चेहरा इतक्या जवळून बघितला. केस पार पांढरे झाले होते.

मनाचा हिय्या करून विश्राम म्हणाला, ‘‘जयवंता, तुझा खडप माझ्यामुळे गेलेला. चुकलंय मी.’’

‘‘माका म्हायत हा,’’ जयवंत म्हणाला. ‘‘गोणपाट घेवन तू थय येय, तेवा मी जाळ्यार असय. माका सगळा दिसा.’’

‘‘मगे बोललंस कित्याक नाय?’’

जयवंतने टोपली या हातातून त्या हातात घेतली. आवाजात राग नव्हता, राग कधीचाच विझून गेला होता.

‘‘बाबांच्या खडपाच्यो खुणो माका पयल्यापासून म्हायत हत, दादा. तुका सांगल्यानी त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी माका पण होडयेत घालून नेल्यानी. कोणाक सांगू नको म्हणान शपथ घातल्यानी. मी थय कधी जाळा घातलंय नाय.’’

विश्राम म्हणाला, ‘‘मगे त्या दिवशी माका इचारलंस कित्याक?’’

‘‘खडप कोणाक व्हया होता? माका ता तुझ्या तोंडान ऐकाचा होता.’’

एवढं बोलून जयवंत थोडा वेळ उभा राहिला. विश्राम काहीतरी बोलेल म्हणून असेल. पण यंत्रासमोर एकेक शब्द सुटा करून सगळं सांगू शकलेल्या विश्रामला आपल्याच भाषेत, आपल्याच भावाला सांगायला एक शब्द सापडेना. जयवंतने टोपलीतली एक शेवंड काढून गडग्यावर ठेवली आणि तो आपल्या घरात गेला. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज आला, मग दार लागलं. विश्राम बसल्या जागी ती शेवंड हलायची थांबेपर्यंत बघत राहिला.